खुर्द्याचा हिशेब
वाचकांचे प्रश्न : युद्धसाहित्य

युद्धसाहित्यावरील मागील अंकातल्या लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबई या परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिन्ही पत्रांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : नौपाड्यात आमचे आठ-दहा जणांचे वाचनमंडळ आहे. गेल्या बैठकीत आम्ही पानिपतावरील एक बखर वाचली आणि वाद झाला. आमच्यातील निवृत्त इतिहासशिक्षकांचे म्हणणे असे की, शेजवलकरांसारख्या संशोधकाने पुरावे तपासून पानिपत मांडले असताना कल्पित संवादांनी भरलेली बखर वाचण्याचे कारण उरत नाही. एका सदस्य बाईंनी उत्तर दिले की, इतिहास वाचून समजते, पण रडू येत नाही. मग युद्धाविषयी गोष्ट सांगण्याचे प्रयोजन रडू आणणे एवढेच आहे काय?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मात्र गुरुजींनी लिहिणाऱ्याकडे पाहिले आणि बाईंनी वाचणाऱ्याकडे. युद्धाची गोष्ट पहिल्यांदा कोणाला सांगितली गेली असेल, तेथून आरंभ केला तर हा गुंता पुष्कळ सुटतो. जो रणात होता त्याला ती सांगावी लागत नाही. ती सांगावी लागते घरी राहिलेल्याला, आणि त्याला शेवट बहुधा आधीच कळलेला असतो.

महाभारताची रचना या दृष्टीने पुन्हा पाहावी. व्यासांच्या कृपेने दिव्यदृष्टी लाभलेला संजय धृतराष्ट्राला रोजच्या रोज युद्धाचे धावते वर्णन ऐकवत होता, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भीष्मपर्वात प्रत्यक्षात घडते ते निराळे आहे. संजय रणभूमीवरून येतो तोच भीष्म पडल्याची वार्ता घेऊन. निकाल पहिल्याच वाक्यात सांगून झालेला असतो. त्यानंतर धृतराष्ट्र विचारत राहतो की, हे घडले कसे, त्या वेळी त्यांच्याजवळ कोण होते, माझ्या मुलांनी काय केले. आणि संजय मागे जाऊन पहिल्या दिवसापासून सांगू लागतो. जी गीता आपण युद्धाच्या आरंभीचा संवाद म्हणून वाचतो, ती धृतराष्ट्राच्या कानांवर पडते तेव्हा भीष्म शरशय्येवर असतात. वार्तेने राजाचे समाधान झाले नाही, म्हणून कथा सुरू झाली. वार्तेने जे भागत नाही ते भागवणे, हे युद्धकथेचे पहिले प्रयोजन मानावे असे मला वाटते.

आता आपल्या पानिपताकडे येऊ. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती जे सावकारी पत्र पडले, त्याचा आशय मराठी माणसाला तोंडपाठ आहे : दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. हे पत्र सावकारी पेढीच्या भाषेत आहे, आणि पेढीच्या दृष्टीने ते चोख आहे : मोठी रक्कम आधी, सुटी नाणी शेवटी, न मोजता. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की, युद्धावर लिहिल्या गेलेल्या सगळ्या चांगल्या साहित्याचे काम या पत्राच्या शेवटच्या शब्दांपासून सुरू होते. खुर्दा मोजायचा कोणी? फौजेबरोबर बुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. दरबाराने आपल्या मोत्यांचा शोक केला. खुर्द्याचा शोक गावोगावच्या घरांनी केला आणि तो कोणी लिहून ठेवला नाही. लिहिला गेला नाही तरी तो बोलीत मुरला. आजही एखाद्याचा व्यवहार बुडाला तर त्याचे ‘पानिपत’ होते, आणि उधारी मागणाऱ्याला दुकानदार सांगतो की, विश्वास तर पानिपतातच गेला. अडीचशेहून अधिक वर्षे एखादा पराभव गल्ल्यावरच्या बोलण्यात टिकून राहतो, याचा अर्थ त्याची गोष्ट अजून सांगून संपलेली नाही.

घरी पोहोचणारी गोष्ट अपुरी राहिली तर काय होते, याचाही दाखला पानिपतानेच ठेवला आहे. सदाशिवरावभाऊंच्या अंताविषयी खात्रीलायक हकिकत आली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेतून परत आल्या होत्या, तरी त्यांनी आपले वैधव्य मान्य केले नाही. त्या फटीतून तोतया आत आला. मीच भाऊ, असे म्हणणाऱ्या त्या माणसावर विश्वास ठेवणारे लोक निघाले, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, त्याला देहान्ताची शिक्षा झाली तेव्हा ते प्रकरण मिटले. लोक भोळे होते म्हणून हे घडले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यात भोळेपणापेक्षा भूक अधिक दिसते. शेवट न ऐकलेली माणसे हाती येईल तो शेवट स्वीकारतात.

गुरुजींच्या आक्षेपातील खरा भाग बखरीतील संवादांविषयी आहे. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर जखमी दत्ताजी शिंद्यांनी ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ असे उत्तर दिले, हे आपण शाळेत शिकतो. यमुनेच्या पात्रातील त्या गदारोळात ते वाक्य कोणी ऐकले, आणि ऐकणारा जिवंत परतला कसा, असे गुरुजी विचारतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे. दत्ताजी तेथे पडले, एवढे संशोधक सांगू शकतो. त्यांच्या ओठांवर शेवटी काय होते, हे तो सांगणार नाही, सांगूही नये. बखरकाराला मात्र त्या मरणाला घरी नेता येईल असा आकार द्यावा लागला. अडचण ते वाक्य कल्पित असण्यात नाही. अडचण अशी की, असे घडीव वाक्य बखर बहुतेक मोत्यांच्याच तोंडी देते.

म्हणून माझी आपल्या मंडळाला सूचना अशी की, पुढील बैठकीत नाना फडणवीसांच्या लहानशा आत्मवृत्तातील पानिपताचा भाग वाचावा. ज्या पुरुषाने पुढे सारे मराठी राज्य चालवले, तो तेव्हा एकोणीस वर्षांचाही झालेला नव्हता, आणि आपण तेथून कसे पळालो हे त्याने स्वतः लिहिले आहे. अंगावरची वस्त्रे टाकून, उपाशीपोटी, लपतछपत केलेली ती वाट आहे, आणि बरोबर आलेली आई परत आली नाही याचे दुःख आहे. त्यात घडीव वाक्य नाही आणि पराक्रमही नाही. एक मोहर स्वतःला खुर्दा म्हणून पाहते, असे मराठीत फार क्वचित घडले आहे. गुरुजींना तो भाग पुरावा म्हणून उपयोगी पडेल, बाईंना रडू येईल, आणि कदाचित त्या दिवशी वाद होणार नाही. (वाद व्हावा, अशी माझी तरी इच्छा आहे.)

प्रश्न : युद्धकाळातील पत्रे आणि गाणी इतकी आडवळणाची का असतात? सरळ सांगितले तर ते साहित्य राहत नाही काय?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : आडवळण हा पुष्कळदा अलंकार नसून गरज असते, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. याच किल्ल्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते, म्हणजे कोणी फितूर होणार नाही. पण गोऱ्यांना मराठी येत नव्हते. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीस राहिलेला मराठा मोतद्दार घोडा फिरवता फिरवता खिडकीखाली गाणी म्हणत असे, आणि सुटकेचा सारा बेत त्या गाण्यांतून आत पोहोचला, अशी हकिकत आहे. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी शिपायांची पत्रे इंग्रज सेन्सॉर उघडून वाचत. तेव्हा शिपाई घरी लिहू लागले की, काळी मिरी संपत आली आहे आणि आता लाल मिरची वापरली जात आहे. काळी म्हणजे हिंदी पलटणी, लाल म्हणजे गोऱ्या पलटणी. सेन्सॉरनेही ते ओळखले. यातील अनेक पत्रे ज्याची त्याने लिहिलेलीही नव्हती, कारण लिहिता न येणारा शिपाई दुसऱ्याला मजकूर सांगत असे. सांगणाऱ्याचे तोंड, लिहिणाऱ्याचा हात आणि वाचणाऱ्या साहेबाची नजर, इतके अडथळे ओलांडून जे गावी पोहोचले त्याला साहित्य म्हणावे की नाही, हे आपण ठरवावे. मी म्हणतो.

प्रश्न : मी कोपरखैरण्यातील एका शाळेत नववीला मराठी शिकवते. पोवाडा शिकवताना वर्ग अक्षरशः पेटतो, आणि त्याच वेळी मला भीती वाटते. एका मुलाने मला विचारले, ‘‘मॅडम, आता युद्ध कधी होणार?’’ युद्धाच्या गोष्टी मुलांना युद्धाची गोडी लावतात काय? शिकवणे सोडावे काय?
— एक शिक्षिका, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : सोडू नये. आपली भीती रास्त आहे, पण दोष गोष्टीचा असण्यापेक्षा आपण ती अर्धी सांगतो याचा अधिक आहे.

पोवाडा कोणासमोर उभा राहून गायला जात असे, हे मुलांना प्रथम सांगावे. अफजलखानवधावरील अज्ञानदासाच्या पोवाड्याबद्दल शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाल्याची परंपरा आहे. ज्या गाण्याला तोडा मिळतो त्या गाण्याचे एक काम स्तुतीचे असते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण त्याच पोवाड्याच्या पोटात दुसरेही काही असते. तुळशीदासाच्या सिंहगडावरील पोवाड्यात लढाईच्या आधी एक घर आहे, त्या घरात लग्नाची तयारी आहे, नवरदेव रायबा आहे. शाहिराला केवळ कडा आणि तलवार पुरली असती, तरी त्याने लग्नघर आणले, कारण गड किती किमतीला पडला हे श्रोत्यांना त्यावाचून कळले नसते. आपण वर्गात ‘आधी लगीन कोंडाण्याचे’ या वाक्यावर टाळ्या घेतो आणि लग्नघराकडे परत जात नाही. मुलांना एकदा विचारून पाहावे की, त्या घरातला मांडव कोणी सोडवला असेल. उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, त्यामुळे वर्ग थोडा वेळ गप्प बसेल. तो गप्पपणा पोवाड्याचाच भाग आहे असे समजावे.

आपल्या मुलांपैकी कित्येकांचे गाव रायगड किंवा रत्नागिरीकडे असेल, आणि गणपतीला जाताना त्यांची गाडी माणगाववरून जात असेल. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मशीनगनच्या पहिल्याच माऱ्यात त्यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला, तरी ते एकटेच ठाण्यावर चालून गेले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले, असे सन्मानपत्र सांगते. हे मुलांना जरूर सांगावे आणि त्यांची छाती फुगू द्यावी. मग त्या सन्मानपत्रातील ‘प्रत्येक जण’ या दोन शब्दांवर बोट ठेवावे. ते किती होते, त्यांची गावे कोणती, माणगावला उतरणाऱ्या पत्रांत त्यांची पत्रे होती काय? नऊ हजार शब्दांची नीतिपर व्याख्याने देण्यापेक्षा हे एक बोट पुरेसे होते, असा माझा अनुभव आहे.

गोष्टीने युद्धाची गोडी लागते असे मानणाऱ्यांना मी नेहमी एका पुस्तकाची आठवण देतो. एरिश मारिया रेमार्कची पश्चिम आघाडीवरील कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९३३ मध्ये नाझींनी ती चौकात जाळली. तीत सरकारी गुपित काहीच नव्हते. एका मरणाऱ्या पोराचे चांगले बूट त्याच्या सोबत्याकडे जातात, तो मेल्यावर पुढच्याकडे, एवढे त्यात होते. ज्या राजवटीला तरुणांची पुढची पिढी आघाडीवर पाठवायची होती, तिला बुटांची ही गोष्ट सोसवली नाही. अशी गोष्ट आणि पोवाडा एकाच तासाला शिकवता येतात, आणि एक शिकवल्याने दुसऱ्याचा अपमान होत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिले, ते पत्रात लिहिले नाही. मला उत्सुकता आहे.

प्रश्न : माझे वडील १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर होते. आता ते ऐरोलीला आमच्याकडे असतात. एका रात्रीची एकच घटना ते वारंवार सांगतात, पण प्रत्येक वेळी वेगळी. कधी बरोबर दोघे असतात, कधी चौघे. कधी पाऊस असतो, कधी कडाक्याची थंडी. डिसेंबरात तिकडे पाऊस कुठला, असे मी एकदा म्हणालो, तेव्हापासून दोन महिने त्यांनी ती सांगितली नाही. मला ती लिहून ठेवायची आहे. खरी कोणती मानू?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपण त्यांना टोकलेत ते तारखेच्या दृष्टीने योग्य होते आणि वेळेच्या दृष्टीने अयोग्य. ते साक्ष देत नव्हते. ज्या जागी ते पन्नासहून अधिक वर्षे अधूनमधून परत जात आहेत, तेथे या खेपेस आपल्याला सोबत नेत होते.

या बाबतीत आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील एक ग्रंथ पाहावा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. नंतरच्या कत्तलीतून लपून वाचले, मिळवलेले धन वाटेत लुटले गेले, आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली. ही हकिकत त्यांनी लिहिली ती पाव शतकानंतर, आणि ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामणराव वैद्यांनी ती प्रसिद्ध केली १९०७ मध्ये, तीही त्यांच्या संपादनातून गेल्यावर. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली. गोडसेभटजींच्या तपशिलांत इतिहासकारांनी चुका काढल्या आहेत, आणि त्या आहेतच. तरीही वेढ्यातल्या झाशीत एक सामान्य याचक ब्राह्मण काय खात होता आणि कशाला भीत होता, हे जाणून घ्यायचे तर त्यांच्याकडेच जावे लागते. ज्यांचे तपशील अधिक काटेकोर होते अशा सरकारी लेखकांनी ते पाहिले नव्हते, किंवा पाहण्यासारखे मानले नव्हते.

तेव्हा खरी एक निवडू नये. वडील जितक्या वेळा सांगतील तितक्या वेळा निराळ्या पानावर उतरवावे, आणि पानाच्या डोक्यावर सांगितल्याची तारीख, वेळ व त्या दिवशी घरात कोण होते हे लिहावे. नातवंडे असताना चौघे असतात आणि आपण एकटे असताना दोघे, असे काही आढळल्यास त्यावर लगेच बोलू नये. जे प्रत्येक वेळी तसेच्या तसे येते त्याखाली रेघ मारावी : एखादे नाव, डब्यातला एखादा पदार्थ, एखादा आवाज. पलटण, ठाणे, तारीख यांची पडताळणी स्वतंत्र वहीत करावी आणि ती वही त्यांना दाखवू नये.

राहिला पाऊस. ‘‘अण्णा, त्या रात्री अंगावर काय होतं तुमच्या?’’ असे एकदा चहाच्या वेळी सहज विचारून पाहावे. ते कांबळे भिजल्याचे सांगतील किंवा कोरडे होते म्हणतील. भिजल्याचे सांगितले, तर कशाने, हे विचारू नये. त्यांना सांगायचे असेल तर ते स्वतः सांगतील, आणि तोवर चहा गार झाला तरी चालेल.